गावाचा फाटा, आजूबाजूचा परिसर आणि अपघात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावागावांतून फाट्यांबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची मागणी एकच असते: "आम्हाला गतिरोधक पाहिजे." त्याचं उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे. पण आधीचे प्रश्न वाचून मग तिथे जा. पायी चालणाऱ्याचा जीव ज्या कारणानं जातो, त्याच कारणानं मोटारसायकलवाल्याचा जात नाही, आणि दोघांना एकच औषध लागू पडत नाही.

१. फाटा म्हणजे नेमका केवढा भाग धरायचा?

दोन रस्ते मिळतात तेवढीच जागा धरली तर हिशेब चुकतो. गावाकडून येणारा माणूस डांबराच्या कडेपासून १५ मीटर मागे असतानाच त्याला मोठ्या रस्त्यावरचं वाहन दिसलं पाहिजे. किती दूरचं? फाट्यावर पोचायला ज्याला अजून ८ सेकंद लागतील इतकं दूरचं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापांप्रमाणे मोठ्या रस्त्यावरचा वेग ताशी ५० किमी असेल तर हे अंतर ११० मीटर, ६५ ला १४५, ८० ला १८० आणि १०० ला २२० मीटर. असे डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोन लांबट त्रिकोण तयार होतात. त्यांत जे काही उभं आहे, तूर, पानठेला, फ्लेक्स, टिप्पर, मातीचा ढीग, ते सगळं फाट्याचाच भाग. बसथांबा, शाळेचं फाटक आणि समोरच्या पांदणीचं तोंड त्रिकोणाबाहेर असलं तरी धरा, कारण माणसं आणि ढोरं तिथूनच फाट्यावर येतात.

२. अपघात चालवणाऱ्याच्या चुकीनं होतो. त्यात आजूबाजूच्या परिसराचा काय संबंध?

चूक माणूसच करतो, पण ती सावरायला किती जागा आणि किती वेळ मिळेल हे परिसर ठरवतो. ताशी ४० च्या वेगात समोरचं दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ४५ मीटर धरतात, ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर. एखाद्या फाट्यावर बेशरम या झुडपाच्या जाळीमुळे ६० मीटरच दिसत असेल, तर ताशी ८० नं येणारा चालक कितीही सावध असला तरी त्याला थांबता येणार नाही.

परिसर आणखी दोन गोष्टी करतो. दुकानं, थांबा, शाळा ही माणसांना रस्ता ओलांडायला लावतात. आणि रस्त्याचं रूप चालकाला वेग सुचवतं: दोन्ही बाजूंना वावरं, सरळ रुंद डांबर असलं की गाव आलं हे त्याला कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची जोखीम सुमारे ४ टक्क्यांनी वाढते.

३. त्याच फाट्यावर सगळ्यांत जास्त धोका कोणाला?

रस्ता ओलांडायला कोणाला किती वेळ लागतो ते मांडलं की उत्तर मिळतं. रस्ता ७ मीटर रुंद आणि वाहनं ताशी ८० नं येणारी धरू, म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर.

धडधाकट माणूस ६ सेकंदांत पार होतो. तेवढ्यात गाडी सुमारे १३० मीटर येते. म्हातारं माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतं. त्याला ९ सेकंद, म्हणजे २०० मीटर. उभ्यावरून निघालेला ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह ९ मीटर लांब असतो. त्याला स्वतःची लांबी धरून १६ मीटर जायचं असतं आणि त्यात ८ सेकंद सहज जातात. बैलबंडीला बैलांसकट १३ मीटर जायला १३ सेकंद, म्हणजे जवळजवळ २९० मीटर.

आता वरचा १८० मीटरचा आकडा आठवा. तो पाळलेल्या फाट्यावरही म्हातारा माणूस आणि बैलबंडी यांना पुरेसं दिसत नाही, आणि ट्रॅक्टर जेमतेम सुटतो. म्हणून ज्या फाट्यावरून बंड्या जातात तिथे झाडी कापून भागत नाही, मोठ्या रस्त्यावरचा वेगच उतरवावा लागतो.

डोक्यावर मोळी किंवा चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाईचा विचार आराखड्यात कोणीच करत नाही. भारा असताना मान वळत नाही. बघायचं तर पूर्ण अंग वळवावं लागतं. तिच्यासाठी डांबरापासून दोन-तीन पावलं मागे सपाट, मुरूम दाबलेली उभं राहण्याची जागा हवी.

मोटारसायकलवाला ३-४ सेकंदांत पार होतो. त्याचा धोका वेगळा आहे, प्रश्न ७ पाहा.

४. तीन तोंडांच्या फाट्यापेक्षा चौरस्ता खरंच जास्त धोक्याचा असतो का?

हो. दुहेरी वाहतुकीच्या साध्या चौरस्त्यावर वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात, तीन तोंडांच्या फाट्यावर ९ ठिकाणी. आपल्याकडची खरी गोम अशी की कागदावर 'टी' असलेल्या फाट्यासमोर पांदण रस्ता निघतो आणि कोणाच्या लक्षात न येता त्याचा चौरस्ता होतो. पांदण पक्की होताना हे प्रकर्षानं घडतं. तिचं तोंड फाट्याच्या अगदी समोर न काढता थोडं सरकवून घ्या. आणि डांबराला मिळण्याआधीचे १०-१५ मीटर खडीकरण करा, नाहीतर पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर येते आणि पहिल्या सरीत दुचाकी तिथेच घसरते.

५. आमच्या फाट्यावर पोळा ते दिवाळी याच काळात अपघात का होतात?

पोळ्यापर्यंत तरोटा आणि गाजरगवत कमरेला येतं, बेशरम डोक्यावर जाते, आणि दिवाळीच्या सुमारास तूर माणसाएवढी होते. उन्हाळ्यात ज्या फाट्यावर अर्धा किलोमीटर दिसतं तिथे ऑक्टोबरात पन्नास पावलं दिसत नाही. चालवणाऱ्याच्या डोक्यात मात्र उन्हाळ्यातला फाटा असतो.

इथेही प्रत्येकाची अडचण निराळी. कारवाल्याचा डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर असतो, त्याला पऱ्हाटीवरून, म्हणजे कपाशीच्या झाडांवरूनही दिसत नाही. ट्रॅक्टरवाला उंच बसतो, त्याला कारचं छत दिसतं आणि वाटतं की कारवाल्यानंही आपल्याला पाहिलं. शिवाय त्याची सीट ट्रॅक्टरच्या तोंडापासून दोन-अडीच मीटर मागे असते. त्याला वाकून रस्ता दिसेपर्यंत पुढची चाकं डांबरावर गेलेली असतात. शाळकरी पोर तर गवतातच बुडतं.

उपाय स्वस्त आहे, पण वर्षातून दोनदा करावा लागतो: एकदा पोळ्याच्या आधी, एकदा दसऱ्याला. त्रिकोणातलं सगळं गवत-झुडूप गुडघ्याच्या खाली ठेवा. बेशरम कापून उपयोग नाही, तोडलेला तुकडाही ओल्या मातीत रुजतो. मुळासकट उपटून वाळवावी लागते.

पिकाचं काय, असं शेतकरी विचारतात, आणि ते रास्त आहे. डांबराच्या कडेपासून १० मीटर रस्त्याची हद्द असेल, तर ताशी ८० च्या त्रिकोणातला वावरात येणारा कोपरा ५ मीटर बाय ६० मीटरचा निमुळता तुकडा असतो, १५० चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठा. तेवढ्यात तूर-कपाशीऐवजी सोयाबीन, मूग किंवा हरभरा घेतला तर जमीन पडीक राहत नाही आणि रस्ताही दिसतो.

मोठी झाडं तोडू नका. खोडामागे गाडी क्षणभरच लपते. खालच्या फांद्या अडीच मीटरपर्यंत छाटल्या की काम होतं. तोडायला परवानगी लागते ते वेगळंच.

६. फाट्यावर पानठेले, चहा, भाजीची दुकानं झाली. वर्दळ असली की गाड्या हळू होतात, मग ते चांगलंच ना?

अर्धं खरं आहे. वर्दळीनं ट्रक-कारचा वेग उतरतो. माणसं दुप्पट झाली म्हणून पायी चालणाऱ्यांचे अपघात दुप्पट होत नाहीत, कारण चालक सावध असतो. आठवडी बाजाराच्या गर्दीपेक्षा बाजार उठल्यावर अंधारात एकटा निघालेला माणूस जास्त धोक्यात असतो, तो यासाठीच.

पण दुकानं कुठे आहेत यावर सगळं अवलंबून आहे. गावातून बाहेर पडताना पहिलं वाहन उजवीकडून, आपल्या जवळच्या बाजूनं येतं. म्हणून उजवा कोपरा आधी मोकळा करा. डाव्या कोपऱ्यातली टपरीही लांबचं झाकते, पण ते वाहन पलीकडच्या बाजूनं येत असल्यामुळे थोडी सवड मिळते. दुसरं, दुकानं गावाच्या बाजूलाच हवीत. चहा-तंबाखूसाठी महामार्ग ओलांडावा लागला की दिवसाला शेकडो जास्तीच्या फेऱ्या होतात. तिसरं, टपरीपेक्षा टपरीसमोर उभं राहणारं वाहन वाईट. दुकान दोन मीटर मागे सरकवलं आणि पुढच्या मोकळ्या जागेत मालवाहू उभा राहिला तर काहीच कमावलं नाही. काळी-पिवळी जीप आणि ऑटोंसाठी फाट्याच्या पुढे जागा आखून द्या.

दारूच्या दुकानांबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१६-१७ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटर, आणि २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत २२० मीटर अंतर घालून दिलं; नंतर त्यात काही सूट दिली गेली. फाट्यावरचं दुकान या अंतरात असेल तर मोजणी मागता येते. इथे पिऊन चालवणाऱ्याइतकाच पिऊन चालत जाणाराही मरतो.

७. मोटारसायकलवाले फाट्यावर वळतानाच मागून का ठोकले जातात?

दोनपदरी रस्त्यावर उजवीकडे वळायला तो मधोमध थांबतो, आणि मागच्या ट्रकला वाटतं की तो पुढे जातो आहे. ट्रकमागून ओव्हरटेक करत येणाऱ्याला तर तो दिसतच नाही. संध्याकाळी सूर्य समोर असला की आणखी वाईट. नागपूर–अमरावती–अकोला हा पूर्व-पश्चिम पट्टा रोज सकाळ-संध्याकाळ हेच भोगतो.

वळायला वेगळी जागा नसेल तर फाटा ओलांडून डाव्या बाजूच्या कच्च्या पट्टीवर थांबा, दोन्हीकडे बघा आणि मग सरळ काटकोनात पार व्हा. ही पट्टी डांबराशी समपातळीत असणं गरजेचं आहे. काळ्या मातीची कड खचली की चार-सहा इंचांची पायरी होते, दुचाकी खाली उतरू शकत नाही आणि मधोमध थांबणं भाग पडतं.

हेल्मेटनं अपघात टळत नाही. पण झालाच तर मृत्यूची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. गाव दोन किलोमीटरवर असलं तरी फाटा मध्ये आहेच.

८. आम्हाला गतिरोधक पाहिजे. कुठे आणि कसा?

राष्ट्रीय महामार्गावर तो मिळणार नाही. तिथे फार तर थर्मोप्लास्टिकच्या खडखड पट्ट्या मिळतात. तुमच्या हातात आहे तो गावाकडून येणारा लहान रस्ता, आणि तिथे गतिरोधकाचा उपयोगही जास्त: बाहेर पडणारा थांबतो आणि बघतो. मोठ्या रस्त्याच्या कडेपासून साधारण ५ मीटर मागे घ्या.

गोल गतिरोधकाचं प्रमाण माप: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर. ताशी २५ नं गेलं तर तो धक्का देत नाही. गावात रातोरात होणारा गतिरोधक एक-दीड फूट रुंद आणि वीतभर उंच असतो. त्यावर ट्रक आणि कारचं फारसं बिघडत नाही; मागे एका बाजूला बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचं लेकरू उडतं. पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी फलक नसेल तर तो गतिरोधक नवा अपघात घडवतो.

९. एसटीचा थांबा नेमका फाट्यावरच आहे. हलवावा का?

हलवावा, पण फार लांब नाही. गावरस्त्याच्या फाट्यापासून ६० मीटर अंतर मानक म्हणून चालतं. थांबा फाटा ओलांडल्यावर असावा. आधी असेल तर उभी बस उजवा कोपरा झाकते, आणि उतरलेली माणसं बसच्या पुढून रस्ता ओलांडतात, जिथे ओव्हरटेक करणाऱ्याला ती दिसत नाहीत. निवारा बांधून दिला पण तिथपर्यंत पायवाट आणि दिवा दिला नाही, तर प्रवासी पुन्हा फाट्यावरच्या कडुलिंबाखाली उभे राहतील आणि चालकही तिथेच थांबवेल. उन्हाळ्यात सावली जिथे, थांबा तिथे. निवारा सावलीचा करा.

शाळकरी मुलांसाठी हेच दुप्पट लागू. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला गाडी किती लांब आहे ते कळतं, किती वेगानं येते ते कळत नाही. शाळेचं फाटक महामार्गाकडे असेल तर ते गावाच्या बाजूला काढा. भिंतीतलं एक फाटक बदलणं हा सगळ्यांत टिकाऊ उपाय आहे.

१०. हायमास्ट (उंच खांबावरचा मोठा दिवा) लावला, तरी रात्री अपघात का?

कारण बहुतेक ठिकाणी तो दुकानांवर उजेड पाडतो, रस्ता ओलांडायच्या जागेवर नाही. दिवा येणाऱ्या वाहनाच्या बाजूला, ओलांडण्याच्या जागेच्या थोडा आधी हवा, म्हणजे माणसाच्या अंगावर उजेड पडतो. दिवा त्याच्या मागे असेल तर फक्त काळी सावली दिसते. सौर दिव्याची बॅटरी काही वर्षांत बसते, वीज जाते, म्हणून परावर्तक खुंट आणि डांबरात बसवलेले चमकते कॅट्स-आय सोबत हवेतच.

ट्रॉली आणि बंडीला मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी परावर्तक पट्टी लावा. बाजूची पट्टी लोक विसरतात; फाटा ओलांडताना दिसते ती बाजूच. पऱ्हाटी भरलेल्या ट्रॉलीवर लोंबणारा माल मागची पट्टी झाकतो, तेव्हा ती खालच्या चौकटीवर लावा. शेगावकडे पायी निघालेल्या दिंड्यांनी शेवटच्या माणसाच्या पाठीवर पट्टी आणि हातात लुकलुकता दिवा द्यावा.

११. रस्ता चौपदरी झाला. आता तर जास्तच माणसं मरतात, असं का?

दुभाजकामुळे समोरासमोरची धडक कमी झाली, ती कारवाल्याची. गावकऱ्यासाठी वेग वाढला आणि अधिकृत वळण एक-दोन किलोमीटर लांब गेलं. मग दुभाजक फोडला जातो किंवा उलट दिशेनं गाडी घातली जाते. फोडलेल्या जागी दुचाकी उभी राहायलाही पुरेशी रुंदी नसते, मागचं चाक वेगवान पट्ट्यात राहतं. फोडलेली जागा नुसती बुजवली तर महिन्यात पुन्हा फुटते. सेवा रस्ता गावापासून जवळच्या भुयारी मार्गापर्यंत सलग करा, भुयारात पाणी साचणार नाही असा उतार द्या, आणि मगच बुजवा. ढोरांचा आखर (गुरं गोळा करायची जागा) आणि चराई रस्त्याच्या दोन बाजूंना असेल तर गुरांसाठी भुयार मागा. रोज दोनदा आख्खा कळप ओलांडतो.

१२. समृद्धी महामार्गावर फाटेच नाहीत. मग आमच्या गावाला काय त्रास?

तिथून उतरणाऱ्या रस्त्यावर. तासभर १२० नं चालवलेल्या माणसाला ६० म्हणजे रांगणं वाटतं, आणि उतरल्यावरचा पहिला फाटा त्याला तसाच सापडतो. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाणा या जिल्ह्यांत जिथे हा उतरणारा रस्ता जुन्या रस्त्याला मिळतो, तिथल्या पहिल्या दोन-तीन फाट्यांकडे आधी लक्ष द्या.

१३. जिनिंग आणि खाणीच्या ट्रकांनी फाटा वापरायला सुरुवात केली. काय बदलतं?

लांब वाहन वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूला कोपऱ्यात उभा सायकलवाला असाच चिरडला जातो, आणि केबिनमधून तो दिसत नाही. कोपऱ्यात खुंट गाडून उभं राहायची जागा मागे ढकला. सुरजागडच्या लोहखनिजाचे किंवा वणी-चंद्रपूरच्या कोळशाचे ट्रक बारमाही असतात. कापसाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. हंगामी ठिकाणी जिनिंगच्या फाटकाबाहेर लागणारी ट्रॉल्यांची रांग फाट्याच्या त्रिकोणात येणार नाही, ही अट ग्रामपंचायतीनं हंगामाआधी लेखी घ्यावी.

१४. "हा ब्लॅक स्पॉट नाही," असं सांगून परत पाठवतात. मग?

राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू झाले तर तो ब्लॅक स्पॉट. लहान गावाच्या फाट्यावर वाहनंच कमी, तिथे हा आकडा भरेपर्यंत थांबणं म्हणजे माणसं मरायची वाट बघणं. शिवाय किरकोळ पडझड ठाण्यात नोंदलीच जात नाही. म्हणून स्वतः नोंद ठेवा: तारीख, वेळ, कोण, कुठून कुठे जात होता, काय आड आलं. वाचलेले प्रसंगही लिहा. अशी वर्षभराची वही आणि प्रश्न १ मधली मापं घेऊन गेलात तर बोलणं बदलतं.

१५. अर्ज कोणाकडे आणि कसा?

आधी रस्ता कोणाचा ते पाहा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजना. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. फाट्यावर बहुतेकदा दोन मालक असतात, आणि नेमकं त्या जोडावरचं काम दोघंही टाळतात. अर्ज दोघांनाही द्या.

डांबरापासून १५ मीटर मागे, छातीच्या उंचीवर मोबाइल धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. एक तास बाजाराच्या दिवशी, एक तास साध्या दिवशी उभं राहून कोण कोण ओलांडतं ते मोजा. ग्रामसभेचा ठराव जोडा. कार्यकारी अभियंत्याला मूळ अर्ज. जिल्हाधिकारी हे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष असतात, त्यांना आणि ठाण्याला प्रत. आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. मागणी नेमकी लिहा: "उजव्या त्रिकोणातली झुडपं काढणे, थांबा ६० मीटर पुढे नेणे." नुसतं "योग्य ती कार्यवाही" लिहिलं तर उत्तरही तसंच येतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९८-अ सदोष रचनेसाठी यंत्रणा आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड सांगतं. त्याचा उल्लेख करा.

१६. अपघात झालाच तर मदत करणारा अडकतो का?

नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायचीही सक्ती नाही. १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार होतात. ठोकून पळालेलं वाहन सापडलं नाही तर मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार भरपाई मिळते.

१७. आमच्याकडे झाड नाही, टपरी नाही, चारी बाजूंनी मोकळं दिसतं. तरी दोन गाड्या एकमेकींवर जातात. हे कसं?

सपाट मोकळ्या शिवारातल्या चौरस्त्यावर हे खरोखर घडतं. दोन वाहनं अशा वेगानं येत असतील की ती एकाच वेळी मधोमध पोचणार, तर एका चालकाला दुसरं वाहन शेवटपर्यंत एकाच कोनात दिसतं. ते सरकत नाही, हळूहळू फक्त मोठं होतं, आणि न सरकणारी गोष्ट नजर पकडत नाही. तो कोन काचेच्या बाजूच्या खांबाआड आला तर सगळी वाट वाहन लपलेलं राहतं. शिवाय लांबूनच मोकळं दिसल्यामुळे लहान रस्त्यावरचा चालक वेग उतरवतच नाही.

इथे झाडी कापण्याचा प्रश्नच नाही. लहान रस्त्यावर अष्टकोनी लाल थांबा-फलक, जाड थांबारेषा आणि प्रश्न ८ मधला गतिरोधक द्या. दोघांपैकी एक थांबला की तो कोन मोडतो. चालवताना फाट्याच्या आधी डोकं पुढे-मागे हलवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघा.